एका लाखात सातशे चाळीस

ईसीजीच्या खोलीतल्या बाईंनी अण्णांच्या छातीवरचे केस पाच ठिकाणी भादरले आणि तिथे गोल चिकटपट्ट्या लावल्या. प्रत्येक पट्टीला एक वायर, आणि सगळ्या वायरी कमरेच्या पट्ट्यात अडकवलेल्या काडेपेटीएवढ्या यंत्रात गेलेल्या. अण्णा मान खाली घालून सगळं बारकाईने बघत होते.

"ह्याला सील करत नाही का तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"कसलं सील?"

"मीटरला सील असतं. नाहीतर लोक आत हात घालतात."

बाई हसल्या. "काका, हे तुमचं स्वतःचं मीटर. तुम्ही कशाला हात घालाल?"

अण्णाही हसले आणि सदऱ्याची बटणं लावू लागले. माझे वडील तीस वर्षं वीज मंडळात होते, त्यातली शेवटची अठरा मीटर तपासणीच्या पथकात. तासगाव, जत, कवठे महांकाळ हा सगळा टापू त्यांनी मोटारसायकलवर पालथा घातला होता. जेवताना ते आम्हाला गोष्टी सांगायचे त्या मीटरच्या. कुणी चुंबक लावलं, कुणी काचेला भोक पाडून आत तार घातली. आधी घर बघायचं, मग मीटर बघायचं, असं ते सांगत. घरात गिरणी चालतेय आणि आकडा हलत नाही, म्हणजे कुणीतरी हात घातलाय. माझ्या सख्ख्या आत्याच्या घरचं मीटर त्यांनी काढून आणलं होतं. ती दोन वर्षं भाऊबीजेला आली नाही. तिसऱ्या वर्षी आली तेव्हा ओवाळताना म्हणाली, "घे, आता माझं निरांजनही तपास." अण्णांनी खरोखर वाकून ते बघितलं होतं.

ही सात वर्षांपूर्वीची, मार्गशीर्षातली गोष्ट. मी पुण्याहून दोन दिवसांची रजा काढून आले होते. अण्णा तेव्हा एकाहत्तर वर्षांचे होते.

महिनाभर त्यांना छातीत काहीतरी होत होतं. दुखत नव्हतं. चालती गाडी खड्ड्यात जाऊन वर यावी तसं वाटतं, असं ते फोनवर म्हणाले. मिरजेच्या डॉक्टर उपाध्यांनी नाडी धरली, ईसीजी काढला आणि त्या कागदावर मधूनमधून येणाऱ्या रुंद, बेढब रेघा आम्हाला दाखवल्या. हृदयाचा ठोका वरच्या कप्प्यातून सुरू होतो आणि खाली येतो, ते म्हणाले. कधी कधी खालचा कप्पा उतावीळपणा करतो, वेळेच्या आधीच ठोका टाकतो. त्यानंतर थोडा थांबा पडतो, तो तुमचा खड्डा. बऱ्याच लोकांना असे ठोके पडतात आणि त्यांना त्याचा पत्ताही नसतो. माणूस दिवसाला साधारण एक लाख ठोके टाकतो. त्यातले पाचशे-हजार असे निघाले तर थोडा चहा कमी करायचा आणि विसरून जायचं. दहा-पंधरा हजारांच्या वर गेले तर मात्र हृदय हळूहळू थकतं, फुगतं. मग गोळ्या, आणि गरज पडली तर तारेने आत जाऊन ती जागा जाळावी लागते. श्रमाने वाढत असतील तर ते लवकर कळलेलं बरं.

"म्हणून मला मोजायचेत," डॉक्टर म्हणाले. "चोवीस तास हे यंत्र अंगावर ठेवा. रोज जे करता ते सगळं करायचं. आज आराम केलात तर मला काही कळणार नाही. आणि ह्या कागदावर लिहायचं, किती वाजता काय केलं, तेव्हा काय वाटलं."

मग त्यांनी विचारलं, जड कामं काही असतात का.  मी सांगितलं की आईला चार वर्षांपूर्वी पक्षाघात झाला, उजवी बाजू गेली, अण्णाच तिला उचलतात. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून संडासाला, परत पलंगावर. दिवसातून सहा-सात वेळा.

"एकटे?"

"एकटेच," मी म्हणाले.

डॉक्टरांनी अण्णांकडे पाहिलं. "ते नक्की करा," ते म्हणाले. "आणि वेळ नीट लिहा."

मिरज स्टँडवर तासगावच्या गाडीला अर्धा तास होता. बाकावर बसून मी अण्णांना जे सांगायचं ते सांगून टाकलं. पुण्याहून येताना गाडीत मी ती वाक्यं मनाशी जुळवली होती. रिपोर्ट वाईट आला तर हे उचलणं बंद करावं लागेल. माझं घर दोन खोल्यांचं, सासूबाई असतात, मी दिवसभर कॉलेजच्या ग्रंथालयात. पण घराजवळ एक केंद्र आहे, अशाच रुग्णांसाठी. मी बघून आले आहे. स्वच्छ आहे, बायका प्रेमळ आहेत. आईला तिथे ठेवू. तुम्ही माझ्याकडे राहा.

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. समोर एक बाई कणसांचं गाठोडं टपावर चढवू देत नाही म्हणून कंडक्टरशी भांडत होती, तिच्याकडे ते बघत होते.

"मला तिथं राहता येईल का?" त्यांनी विचारलं.

तो फक्त बायकांचा विभाग आहे, मी म्हणाले. एका खोलीत सहाजणी असतात. भेटायच्या वेळा असतात, चार ते सहा.

"चार ते सहा," अण्णा म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "केळी घेऊन ये जा डझनभर. तुझ्या आईला चावायला बरी."

मी केळी घेऊन आले तेव्हा ते फोनवर बोलत होते. मी जवळ गेले तसा त्यांनी फोन ठेवला.

घरी पोचलो तर शेजारच्या पमाताई आमच्या दारात उभ्या होत्या. पमाताई दिवसाला दीडशे भाकऱ्या थापून हॉटेलांना घालायच्या. त्यांचे दंड बघून अण्णा त्यांना पैलवान म्हणत आणि त्याही "या की मग आखाड्यात" म्हणून उत्तर देत. त्या दिवशी त्या पदर खोचून तयारच होत्या.

"डॉक्टरनं वजन उचलायचं नाही म्हणून सांगितलंय न्हवं?" त्या मला म्हणाल्या. "अण्णांनी फोन केला. उद्या दुपारपर्यंत मी हाय. काळजी करू नगा."

मी अण्णांकडे पाहिलं. ते चपला काढून आत गेले होते.

आईला एकच शब्द राहिला होता: बरं. राग, भूक, नको, ये, जा, सगळं ती त्या एका शब्दात बोलायची आणि अण्णांना ते सगळं कळायचं. ते तिला उचलायचे त्याची एक रीत होती. तिचा डावा हात आपल्या मानेभोवती घालून घ्यायचे, तिच्या गुडघ्याला आपला गुडघा टेकवायचे आणि म्हणायचे, "चला बाईसाहेब, फेरी निघाली." मग एका दमात वर. त्या दुपारी पमाताईंनी तिच्या काखेत हात घातले तेव्हा आई त्यांच्या खांद्यावरून अण्णांना शोधू लागली. अण्णा दाराला टेकून उभे होते, सदऱ्याखाली त्या वायरी.

"बरं," आई म्हणाली. मग पुन्हा, मोठ्याने, "बरं. बरं."

"उद्या," अण्णा तिला म्हणाले. "उद्यापासून मीच."

पमाताई गेल्यावर मी स्वयंपाकघरात चहा टाकला. अण्णांनी नको म्हणून सांगितलं. ते खुर्चीत बसले होते, दोन्ही हात मांडीवर, फोटो काढायला बसल्यासारखे. त्या चोवीस तासांत ते त्या खुर्चीतून फारसे उठलेच नाहीत. मंडईत गेले नाहीत, बोअरची बादली उचलली नाही, आईचं अंगही मीच पुसलं. संध्याकाळी त्यांनी डॉक्टरांचा तो कागद आणि पेन माझ्यापुढे ठेवलं. चष्म्याने हल्ली बारीक रकाने दिसत नाहीत, ते म्हणाले. मी सांगतो तसं लिही.

मी लिहू लागले. दुपारी अडीच वाजता जेवण, काही वाटले नाही. हे खरं होतं.

"तीन वाजता," अण्णा म्हणाले, "पत्नीला उचलून खुर्चीत बसवले. काही वाटले नाही."

मी पेन थांबवलं.

"लिही."

"अण्णा, ते तुम्ही केलं नाहीत."

"रोज करतो."

"आज नाही केलंत. डॉक्टरांनी काय सांगितलं ते मी ऐकलंय. तीस वर्षं लोकांचे मीटर पकडलेत तुम्ही."

"म्हणून तर मला माहीत आहे कसं करतात," अण्णा म्हणाले.

ते हसले नाहीत. मीही नाही. पलीकडे आई पलंगावर भिंतीकडे तोंड करून झोपली होती. तिचा चांगला हात कुशीखालून बाहेर आलेला, बोटं मिटलेली.

"वैजू," अण्णा म्हणाले, "तिथं तिला काय पाहिजे ते कोण सांगणार? सगळ्यांना 'बरं'च ऐकू येणार. त्या बाया म्हणणार, म्हातारी समाधानी हाय."

मी लिहिलं. तीन वाजता. सहा वाजता. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता, नऊ वाजता. माझं अक्षर चांगलं आहे, ग्रंथालयात जुनी कार्डं मीच लिहायचे. चार वेळा मी त्या कागदावर "पत्नीला उचलले" असं लिहिलं आणि चारही वेळा पुढच्या रकान्यात "काही वाटले नाही".

दुसऱ्या दिवशी यंत्र परत केलं. डॉक्टरांनी संध्याकाळी पाचला रिपोर्ट बघायला बोलावलं. बाहेर माणसं भिंतीला टेकून उभी होती. आत गेल्यावर डॉक्टरांनी छापील पानं उलटली, माझा कागद बाजूला घेतला आणि सांगितलं की एका लाखात सातशे चाळीस. उगाच घाबरलो आपण. त्यांनी रोजची एक छोटी गोळी लिहून दिली, सहा महिन्यांनी हृदयाची सोनोग्राफी करून घ्या म्हणाले, दम लागला किंवा पाय सुजले तर त्याआधी या.

अण्णांनी उठून त्यांना हात जोडले. बाहेर आल्यावर त्यांनी स्टँडसमोरच्या टपरीवर दोन कप चहा घेतला, एकापाठोपाठ एक, दुसरा बशीत ओतून. मग मी पुण्याची गाडी धरली.

पुढचं थोडक्यात सांगते. सहा महिन्यांनी मी सोनोग्राफीची आठवण करून दिली तेव्हा अण्णा म्हणाले, काही त्रास नाही, उगाच कशाला. खड्डे? आता सवय झाली. मी पुन्हा विचारलं नाही. गौरी-गणपती झाले आणि एका सकाळी पमाताईंचा फोन आला. अण्णांना आडवं होता येत नव्हतं. तीन दिवस ते बसून झोपत होते आणि कुणाला सांगितलं नव्हतं. आईला उचलताना त्यांनी तिला अर्ध्यातच परत पलंगावर ठेवलं आणि तिच्या पायाशी बसून राहिले. आईने इतक्या जोरात "बरं" म्हणून ओरडा केला की भाकरीचा तवा तसाच टाकून त्या धावत आल्या.

मी मिरजेला पोचले तेव्हा अण्णांच्या उशाशी पडद्यावर हिरवी रेघ धावत होती. मला ती आता वाचता येत होती. दोन बारीक, एक बेढब. दोन बारीक, एक बेढब. डॉक्टर उपाध्ये म्हणाले, हृदय जेमतेम निम्म्या ताकदीने काम करतंय. पुन्हा चोवीस तास मोजले तेव्हा तेवीस हजारांवर आकडा गेला, तोही पडून राहिलेल्या माणसाचा. जुना रिपोर्ट त्यांनी काढून पाहिला. असे ठोके दिवसादिवसाला बदलतात, ते मला म्हणाले. जरा स्थिर झाले की ती जागा जाळायला मोठ्या रुग्णालयात पाठवू. पुष्कळांचं हृदय त्यानंतर सुधारतं. वेळेत केलं तर.

आईला पमाताईंनी स्वतःच्या घरी नेलं होतं.

चौथ्या दिवशी अण्णांना थोडं बोलता येऊ लागलं. मी म्हणाले, मी डॉक्टरांना सांगणार आहे, मागच्या वेळी आपण काय केलं ते.

"कशाला?"

"त्यांना कळायला हवं. हे नऊ महिन्यांपूर्वीच धरता आलं असतं."

अण्णा छताकडे बघत होते. नाकात नळी होती, त्यामुळे आवाज दुसऱ्याच कुणाचा वाटत होता.

"नऊ महिने रोज सकाळी उठवलं मी तिला," ते म्हणाले. "रोज. ते त्यांना परत देऊन काय मिळणार आहे तुला?"

मी त्यांच्या पायावरचं पांघरूण सारखं केलं. पाय सुजलेले होते, बोटाने दाबलं की खळगा राहत होता.

"जेवली का ती?" त्यांनी विचारलं.

पमाताईंच्या हातून चांगली जेवते, मी सांगितलं. खरं म्हणजे ती दोन दिवस तोंड उघडत नव्हती.

सहाव्या दिवशी सकाळी नर्स त्यांना पाणी देत असताना पडद्यावरच्या बेढब रेघा एकापाठोपाठ एक येऊ लागल्या आणि मधल्या बारीक रेघा नाहीशा झाल्या. नर्सने मला बाहेर काढलं. वीस मिनिटांनी डॉक्टर उपाध्ये स्वतः बाहेर आले.

आईला मी पुण्याला आणलं. दहा दिवस ती घरी होती. पहिल्या सकाळी मी तिचा हात माझ्या मानेभोवती घेतला, गुडघ्याला गुडघा लावला. "चला बाईसाहेब" मला म्हणता येईना. ती माझ्याकडे बघत होती, वाट बघत होती, आणि अंग जराही हलकं करत नव्हती. अकराव्या दिवशी तिला केंद्रात ठेवलं. तिथल्या बायका खरोखर प्रेमळ होत्या. तुमची आई किती शांत आहे, त्या सांगायच्या, काहीही विचारा, बरंच म्हणते. मी चार ते सहा जायचे, जमेल तेव्हा. दीड वर्षाने ती गेली.

त्यानंतर तासगावचं घर रिकामं करायला गेले होते. परतताना मिरजेला उतरले, डॉक्टर उपाध्यांकडे नंबर लावला आणि पेशंटांमध्ये बसून राहिले. नंबर आला तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. त्यांनी मला ओळखलं. काय त्रास होतोय, असं विचारत त्यांनी कोरा कागद पुढे ओढला.

त्रास काही नाही, मी म्हणाले, एक सांगायचं होतं. मग सांगितलं. पमाताई, खुर्ची, तो कागद, कुणी सांगितलं आणि कुणी लिहिलं.

डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं.

"मला माहीत होतं," ते म्हणाले.

मला नीट कळलं नाही.

"तेव्हाच दिसलं होतं. सकाळी सात वाजता पत्नीला उचलले, असं तुम्ही लिहिलं होतं, आणि सातच्या रेघेवर त्यांचे ठोके मिनिटाला बासष्ट. तीनलाही तेच, सहालाही. माणूस माणसाला उचलतो तेव्हा बासष्ट राहत नाहीत. मला वाटलं, कुणाची तरी मदत घेतली असेल. पुन्हा लावायला सांगावं असं मनात आलं होतं." त्यांनी दाराकडे पाहिलं. "बाहेर चाळीस जण बसले होते. आणि रिपोर्ट चांगला होता. चांगल्या रिपोर्टवर फार वेळ जात नाही आमचा."

खिडकीबाहेर कुणीतरी रिक्षावाल्याला मागे घे, मागे घे म्हणून सांगत होतं.

"तुम्ही समोरच बसला होता," डॉक्टर म्हणाले. "एकदा विचारायला हवं होतं मी."

"विचारलं असतं तरी अण्णांनीच उचललं, असं मी सांगितलं असतं."

"वडिलांचा शब्द म्हणून."

हो म्हणता आलं असतं. ते मान हलवणार होते, मी उठणार होते, आणि पुढच्या माणसाचा नंबर येणार होता. ती दीड वर्षं, आणि त्याआधीचे नऊ महिने, मी स्वतःला तेच सांगत आले होते.

"नाही," मी म्हणाले. "रिपोर्ट वाईट आला असता तर मला तिथे थांबावं लागलं असतं. केंद्राशी बोलायचं, आईला न्यायचं, अण्णांना समजवायचं. माझी रजा त्या दिवशी संपत होती. सहाची गाडी होती मला."

 बाहेरच्या बाईंनी दार थोडं उघडून आत पाहिलं आणि पुन्हा लावून घेतलं. टेबलावर हाताशी घंटी होती, पण त्यांनी ती वाजवली नाही. आम्ही दोघं तसेच समोरासमोर बसून राहिलो.